बायबलातील वैर आणि क्षमा

ख्रिस्ती धर्माविषयी ज्याला दुसरे काहीही ठाऊक नसते त्यालाही एक गोष्ट ठाऊक असते: एका गालावर कोणी मारली तर दुसरा गाल पुढे करावयाचा. एवढ्या भांडवलावर जो वाचक बायबल मध्येच कोठेतरी उघडतो त्याची मोठी फसगत होते. शत्रूच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटणारा धन्य होय, असे म्हणणारे स्तोत्र त्याच्या पुढ्यात येते. शत्रूची बायको विधवा होवो, त्याची पोरे भीक मागत फिरोत, अशी शापवाणी तो वाचतो आणि पुस्तक मिटून कव्हर पुन्हा पाहतो. आमच्या व्याख्यानानंतर एका वयस्क गृहस्थांनी याच अडचणीवर बोट ठेवले. या दोहोंपैकी खरे बायबल कोणते, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा अधिक बोचरा होता. ज्याचे काही गेलेले नाही त्याला क्षमेचा उपदेश करणे फार सोपे असते. तुमच्या त्या ग्रंथाला हे ठाऊक आहे काय, असे त्यांनी विचारले. घड्याळ पुढे गेले होते, अध्यक्ष चुळबुळ करीत होते, तेव्हा काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. त्या उत्तराची आम्हांस तेव्हापासून थोडी लाज वाटत आली आहे.

आम्ही दिलेले उत्तर नेहमीचेच होते. जुना करार सुडाचा, नवा करार क्षमेचा. पहिल्यातला देव कोपिष्ट, दुसऱ्यातला कनवाळू. हे उत्तर सोपे आहे, लोकप्रिय आहे आणि चुकीचे आहे. ते नवेही नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एका गृहस्थाने हेच मत टोकाला नेले होते. जुन्या करारातला देव निराळा, येशूचा पिता निराळा, म्हणून जुना करार टाकून द्यावा, असे तो म्हणे. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास त्यालाच बाहेर काढले आणि दोन्ही करार एका बांधणीत ठेवले. अडचणीचा मजकूर फाडून टाकणे त्यांना सहज शक्य होते. तरी त्यांनी तो ठेवला. पुढे मात्र ख्रिस्ती लोकांत हेच मत दुसऱ्या रूपाने शिरले. यहूदी म्हणजे सुडाचे पूजक, अशी समजूत त्यातून युरोपात शतकानुशतके पोसली गेली, आणि क्षमेचा धर्म सांगणाऱ्यांनी त्या समजुतीच्या आधाराने यहूद्यांचा जो छळ केला तो इतिहासाला ठाऊक आहे.

तेव्हा मुळापासून पाहू. बायबलात सुडाचा पहिला उद्गार अगदी आरंभी, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात येतो. काइनाने भाऊ हाबेल याला मारले. आता जो भेटेल तो आपणास मारील, या भयाने तो व्याकूळ झाला. देवाने त्याला खूण केली आणि त्याला मारणाऱ्याचा सातपट सूड घेतला जाईल असे बजावले. हे अभय खुन्याला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पण त्याच काइनाच्या वंशात लामेख नावाचा पुरुष झाला. तो आपल्या दोन बायकांपुढे छाती काढून सांगतो की, मला जखम करणाऱ्या माणसाला मी ठार केले. काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट! हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे. भाऊबंदकी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना लामेख परका वाटणार नाही. बांध हातभर सरकला म्हणून डोकी फुटतात, आणि फुटलेल्या डोक्याचे उट्टे काढण्यासाठी गंजी पेटतात.

या पार्श्वभूमीवर डोळ्याच्या बदल्यात डोळा व दाताच्या बदल्यात दात हा मोशेच्या धर्मशास्त्रातील नियम वाचला म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. आपण तो रानटीपणाचा नमुना म्हणून सांगतो. वस्तुतः तो लामेखाला घातलेला लगाम आहे. एका डोळ्याबद्दल एकच डोळा. डोळ्याबद्दल जीव नव्हे, आणि एका माणसाबद्दल सबंध गाव तर नव्हेच. असा नियम बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यातही आहे. हा कायदा कोरलेली शिळा १९०१-०२ साली इराणात सूसा येथे फ्रेंच संशोधकांना सापडली, ती आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तेथे कुलीनाचा डोळा फोडला तर डोळा जातो, सामान्याचा फोडला तर चांदी मोजून सुटका होते. गवंड्याने बांधलेले घर कोसळून घरमालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला मारावे, असेही कलम तेथे आहे. मोशेच्या शास्त्रात बापाच्या अपराधासाठी मुलाला मारण्याची स्पष्ट मनाई आहे. हे शास्त्रही समतेचे होते असे मात्र कोणी समजू नये. दासाचा डोळा फोडणाऱ्या धन्याचा डोळा जात नाही, दासाला मोकळे करावे लागते एवढेच. पुढे यहूदी धर्मपंडितांनी या नियमाचा अर्थ नुकसानभरपाई असाच लावला.

वैर आवरण्याची आणखी एक तजवीज त्या शास्त्रात आहे. खून झालेल्याच्या नातलगाने खुन्याचा जीव घ्यावयाचा, ही त्या समाजाची रूढी होती. ती एकाएकी मोडता येण्याजोगी नव्हती. म्हणून यार्देन नदीच्या अलीकडे तीन व पलीकडे तीन अशी सहा आश्रयाची नगरे नेमली. हातून चुकून मनुष्यवध झाला असेल त्याने तेथे पळून जावे, मंडळीपुढे चौकशी व्हावी, आणि तोवर सूड घेणाऱ्याने वेशीबाहेर थांबावे. सूड आणि सुडाची वस्तू यांच्यामध्ये रस्ता व एक चौकशी उभी केली, की पुष्कळ गोष्टी बदलतात.

पण आम्हांला याहून आवडते ते निर्गमातील एक अगदी घरगुती कलम. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर निघून जाऊ नये, हात लावून त्याला उठवावे. त्याचा बैल भटकताना दिसला तर दावे धरून त्याच्या घरी पोहोचवावा. वैऱ्यावर प्रेम करा असे येथे म्हटलेले नाही, त्याच्याशी बोला असेही नाही. पण गाढव उठवावयाचे तर एका बाजूने याला धरावे लागते आणि दुसऱ्या बाजूने त्याला. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर सूड घेऊ नये, मनात डूख धरू नये, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे असे सरळच सांगितले आहे, आणि थोडे पुढे तेच प्रेम परदेशी माणसावरही करावे असे आहे. येशूच्या म्हणून जी वचने आपण सांगतो त्यांतले सर्वांत प्रसिद्ध वचन हे असे जुन्या करारातले आहे.

कायद्यात सांगितलेले आयुष्यात उतरते कसे, हे पाहावयाचे तर दावीद राजाकडे वळले पाहिजे. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या रानात, ज्या गुहेत दावीद लपला होता तिच्यातच शौल नेमका एकटा शिरला. सोबती म्हणाले की देवानेच वैरी हाती दिला. दावीदाने पुढे सरकून त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. बाहेर आल्यावर त्याने तो तुकडा शौलाला दाखविला, शौल रडला. क्षमेच्या कथांत या कथेला तोड नाही असे आम्हांस वाटते. परंतु हाच दावीद पुढे म्हातारा होतो. मुलाच्या बंडामुळे पळत असताना शिमी नावाच्या माणसाने त्याला शिव्या घातल्या होत्या, दगड मारले होते. दावीदाने तेव्हा त्याला मारू दिले नाही. परत आल्यावर तुला मरण येणार नाही अशी शपथही दिली. आणि मरणशय्येवर मुलाला, शलमोनाला, जवळ बोलावून तो सांगतो की, मी शपथ दिली आहे खरी, पण तू शहाणा आहेस; त्याचे पिकले केस सुखाने थडग्यात उतरू देऊ नकोस. शलमोनाने पुढे शिमीला मारविले. शपथ अक्षरशः पाळली गेली. इतकी वर्षे जी क्षमा वाटली ती केवळ तहकूब ठेवलेली वसुली होती. ग्रंथकार हे सांगताना दावीदाला झाकत नाही की त्याच्यावर टीकाही करीत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र आपल्या घरातील एखाद्या म्हाताऱ्याची आठवण होते.

आता त्या भयंकर स्तोत्राकडे येऊ. ते १३७ वे. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, राजाच्या डोळ्यांदेखत त्याचे मुलगे कापले आणि मग त्याचे डोळे काढले. कैद करून नेलेले लोक बाबेलच्या नद्यांकाठी बसले आहेत, आणि पकडणारे त्यांना म्हणताहेत की, तुमच्या देवाची गाणी म्हणून आमची करमणूक करा. स्तोत्राचा आरंभ इतका करुण आहे की तो जगभर गाइला जातो. शेवट कोणी गात नाही. खडकावर आपटलेल्या मुलांची ती ओळ लिहिणाऱ्याने अशी मुले पाहिली होती, बहुधा स्वतःची. त्याच्या हातात शस्त्र नाही, सैन्य नाही. आहे ती एक वाणी, आणि ती त्याने देवापुढे मोकळी केली. हा हुकूम नाही, ही फिर्याद आहे. अर्थात फिर्याद म्हटल्याने ती मुले वाचत नाहीत, हे आम्हांसही कळते. पुढे इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल पडले ते पारसी राजा सायरसच्या हातून, आणि तेथल्या जुन्या बखरीप्रमाणे ती नगरी लढाईविनाच हाती आली.

या स्तोत्रांचे करावे काय, हा प्रश्न ख्रिस्ती उपासकांना सुटलेला नाही. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७८४ साली अमेरिकेतील अनुयायांसाठी प्रार्थनापुस्तक तयार केले तेव्हा ख्रिस्ती तोंडी शोभत नाहीत म्हणून यांतली कित्येक गाळली. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ च्या नव्या नित्यप्रार्थनेतून ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे सबंध वगळली आणि १३७ व्याचा शेवट कापला. हेतू चांगला होता. पण ज्याचे घर जळले आहे तो माणूस देवळात आला तर त्याने आपला संताप कोठे ठेवावा? देवापुढे बोलावयास बंदी केलेला राग गल्लीत जाऊन बोलतो. आमचे मत विचाराल तर ती स्तोत्रे ठेवावीत, आणि ज्याच्यावर प्रसंग आला नाही त्याने ती जरा हळू आवाजात वाचावीत.

जुन्या कराराच्या शेवटच्या भागात दोन छोटी पुस्तके आहेत, नहूम आणि योना. दोन्हींचा विषय निनवे. आजच्या इराकातील मोसूलला लागून असलेली अश्शूरांची राजधानी. अश्शूरांच्या क्रौर्याने सारा पश्चिम आशिया पोळला होता. इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे धुळीस मिळाले. नहूमाचे पुस्तक म्हणजे त्या नाशाचा जयघोष आहे. तुझ्या जाचातून कोण सुटला होता, जो तो टाळ्याच वाजवील, असे ते म्हणते. योनाचे पुस्तक नेमके उलटे. देव योनाला निनवेला जाऊन इशारा देण्यास सांगतो आणि योना विरुद्ध दिशेचे जहाज पकडतो. आपल्याला ही गोष्ट मोठ्या माशामुळे आठवते, पण मासा हा केवळ वाहनाचा भाग. योना पळाला तो भीतीने नव्हे. देव दयाळू आहे, हे लोक पस्तावले तर तो त्यांना सोडून देईल, हे त्याला पक्के ठाऊक होते आणि तेच नको होते! तसेच घडते. योना रुसून गावाबाहेर बसतो. ज्या एक लाख वीस हजार माणसांना उजवाडावा कळत नाही त्यांची आणि त्यांच्या गुराढोरांची मी कीव करू नये काय, असे देव विचारतो. योना उत्तर देत नाही; पुस्तक तेथेच संपते. गंमत अशी की, नहूमाचे पुस्तकही प्रश्नानेच संपते. यहूदी लोक आपल्या प्रायश्चित्ताच्या महान दिवशी दुपारच्या उपासनेत योना वाचतात, हे जुना करार म्हणजे सूड असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

येशू या परंपरेत वाढला. लूकाने त्याच्या कार्याचा जो पहिला मोठा प्रसंग सांगितला आहे त्यात तो नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडून दीनांना शुभवार्ता व बंदिवानांना सुटका सांगणारा उतारा वाचतो. यशयाच्या मूळ वाक्यात देवाच्या प्रसादाचे वर्ष आणि त्याच्या सुडाचा दिवस हे जोडीने येतात. येशू प्रसादाच्या वर्षापाशी थांबतो आणि गुंडाळी परत देतो. ऐकणाऱ्यांना पुढचे वाक्य पाठ असणार. त्यानंतर, पूर्वीच्या संदेष्ट्यांनी परक्यांचे कसे भले केले याची दोन उदाहरणे त्याने दिली, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून लोटण्यासाठी डोंगरापर्यंत नेले. पुढे शोमरोनी लोकांच्या एका गावाने त्याला उतरू दिले नाही, तेव्हा याकोब व योहान या शिष्यांनी आकाशातून अग्नी पाडून गाव जाळावे काय, असे विचारले. येशूने त्यांनाच धमकावले, आणि मंडळी दुसऱ्या गावी गेली.

डोंगरावरील प्रवचनात तो वैऱ्यावर प्रेम करावयास सांगतो. तुम्ही शेजाऱ्यावर प्रीती व वैऱ्याचा द्वेष असे ऐकले आहे, असा तेथे आरंभ आहे. परंतु वैऱ्याचा द्वेष करावा असे वचन मोशेच्या शास्त्रात कोठेच नाही. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे ज्या गुंडाळ्या मिळाल्या त्यांत एका पंथाची नियमावली आहे, तीत अंधाराच्या पुत्रांचा द्वेष करण्याची आज्ञा आढळते. असे बोल त्या काळच्या हवेत होते खरे. आणि पेत्राने, भावाला सात वेळा क्षमा केली तर पुरे ना, असे विचारले तेव्हा येशूने त्याला दिलेला आकडा काही भाषांतरांत सत्तर गुणिले सात असा येतो; पण मूळ ग्रीक शब्द जुन्या ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी असलेलेच आहेत. सत्त्याहत्तरपट सूड तेथे, सत्त्याहत्तर वेळा क्षमा येथे. योगायोग असेल असे आम्हांस वाटत नाही.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे पुन्हा तेच सोपे उत्तर देणे होईल. त्या आकड्याला लागूनच येशू एक दृष्टान्त सांगतो. एका चाकराला राजाने दहा हजार टॅलंटांचे ऋण माफ केले. एक टॅलंट म्हणजे मजुराची सुमारे सहा हजार दिवसांची कमाई, म्हणजे हे सहा कोटी दिवसांचे कर्ज झाले. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाला कळते, आणि तो माफी रद्द करून चाकराला छळणाऱ्यांच्या स्वाधीन करतो. सत्त्याहत्तर वेळा क्षमा सांगणाऱ्या गोष्टीचा राजा दुसऱ्याच वेळी क्षमा मागे घेतो! नव्या कराराचे शेवटचे पुस्तक प्रकटीकरण. त्यात वेदीखाली असलेले हुतात्म्यांचे आत्मे देवाला विचारतात की, आमच्या रक्ताचा सूड घ्यावयास आणखी किती वेळ? बाबेलच्या काठचा आवाज येथे पुन्हा ऐकू येतो. त्यांना धीर धरावयास सांगितले जाते, गप्प बसावयास नव्हे.

वधस्तंभावरून येशूने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, ही सर्वांत परिचित प्रार्थना फक्त लूकाच्या शुभवर्तमानात आहे, आणि चौथ्या शतकातील व्हॅटिकनच्या हस्तलिखितासारख्या काही जुन्या प्रतींत ती नाही. सिनाईच्या हस्तलिखितात मूळ लेखकाने ती लिहिली, एका तपासनिसाने वगळण्याच्या खुणा केल्या, पुढे कोणीतरी त्या खुणा पुसल्या. ती मागाहून आली की मुद्दाम काढली गेली, याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. आपल्या गुरूला मारणाऱ्यांना क्षमा मिळावी हे काही नकलकारांना पटले नसावे, असा दुसऱ्या पक्षाचा तर्क आहे. कसेही असो, वाद त्या चर्मपत्राच्या पानावरच झालेला दिसतो.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या साऱ्याची गाठ पडते. स्वतः सूड घेऊ नका, सूड घेणे देवाकडे आहे, असे तो मोशेच्या शेवटच्या गीताच्या आधारे सांगतो. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असे नीतिसूत्रांतले वचनही जोडतो. त्याने त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास होईल, हा त्या वचनाचा शेवट मात्र आजही बुचकळ्यात टाकतो. ते निखारे पश्चात्तापाचे, असे संत ऑगस्टीन म्हणतो. घरी बोलावून जेवू घातलेल्या भावाची मान खाली गेलेली ज्याने पाहिली असेल त्याला हे पटेल. हा बारावा अध्याय संपला की तेरावा लगेच म्हणतो, अधिकारी हाती तलवार व्यर्थ धरीत नाही, तो दुष्कर्म्याला शासन करणारा देवाचा सेवक आहे. अध्याय पाडले गेले ते तेराव्या शतकात. पौलाच्या पत्रात ते दोन विचार एकापाठोपाठ एकाच दमात आले आहेत. सूड माझ्या हातून काढून घेतला आहे, न्याय जगातून काढून घेतलेला नाही.

हा भेद आपल्या देशात एका बाईंनी फार साध्या रीतीने जगून दाखविला. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटेपूर्वी ओरिसातील मनोहरपूर गावी ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांचे दोन लहान मुलगे मोटारीत झोपले असता जमावाने मोटार पेटवून त्यांना जाळले. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असे त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी सांगितले. पण खटला चालू नये असे त्या म्हणाल्या नाहीत. क्षमा माझी, कायद्याचे काम कायद्याचे, अशी त्यांची भूमिका होती. मुख्य आरोपीला २००३ साली फाशीची शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बाई २००४ पर्यंत बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात काम करीत राहिल्या.

त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे राहिले. जुन्या करारात योसेफाची कथा आहे. भावांनी त्याला विकले. पुढे मिसर देशात तो मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याने त्याच भावांना पोसले. त्यांचा बाप वारला तेव्हा भाऊ घाबरले. आता हा दात काढील, या भयाने त्यांनी निरोप धाडला की, मरण्यापूर्वी बाबांनी सांगितले आहे, तू भावांना क्षमा कर. बापाने असे काही सांगितल्याचे ग्रंथात कोठेही नाही. ज्यांनी अपराध केला तेच मेलेल्या माणसाच्या तोंडून क्षमेचा उपदेश करीत आहेत! ग्रंथकाराने निरोप जसाच्या तसा दिला आहे. तो ऐकून योसेफ रडला, आणि मी काय देवाच्या ठिकाणी आहे, असे त्यांना म्हणाला. तो का रडला, हे सांगितलेले नाही. मग त्याने त्यांच्या मुलाबाळांसाठी धान्याची व्यवस्था केली.